डेंग्यूचा ताप : गावाची घबराट आणि गावाचा उपाय

ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ हा शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत धावपळीचा. खुरपणी, फवारणी, मूग-उडदाची तोडणी, सोयाबीनची कापणी, रब्बीची पेरणी अशी कामे एकामागून एक अंगावर येतात आणि नेमक्या याच दिवसांत डेंग्यूचा ताप गावात शिरतो. हा शहरांचा रोग आहे, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती व तिला आधारही होता. १९९६ साली दिल्लीत मोठी साथ आली, तेव्हा सरकारी नोंदीप्रमाणे १०,२५२ रुग्ण आढळले आणि ४२३ माणसे दगावली. तो आकडा वाचून खेड्यातील माणसाने हळहळ व्यक्त केली असेल, पण आपल्या अंगणातील रांजणाकडे त्याने वळून पाहिले नसेल. पुढच्या काळात नळयोजना, टँकर, प्लॅस्टिकची पिंपे, सिमेंटच्या टाक्या आणि वाहनांची जुनी टायरे खेड्यापाड्यांत पोहोचली व त्यांच्या मागोमाग डेंग्यूचा डासही पोहोचला. २०२३ साली देशात २ लाख ८९ हजारांवर रुग्णांची नोंद झाली व ४८५ मृत्यू झाले. खेडी यातून वगळली गेली नाहीत.

साथ आल्यावर गाव कसे वागते, यावर ती किती काळ रेंगाळणार हे बव्हंशी अवलंबून असते. म्हणून रोगाच्या माहितीइतकाच लोकांच्या वागण्याचा विचारही गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करणे जरूर आहे.

गटार आणि धूर

एका आळीत दोन-तीन माणसे तापाने अंथरुणाला खिळली की ग्रामपंचायतीच्या कचेरीपुढे माणसे जमतात. तक्रार बहुधा ठरलेली असते. गटार तुंबले आहे, उकिरडा उचलला नाही, धूर सोडणारे यंत्र अजून आले नाही. सरपंच यंत्र मागवितात, संध्याकाळी ते घरघर करीत गल्लीतून फिरते, पांढऱ्या धुराचे लोट उठतात, मुले मागे धावतात आणि काहीतरी झाले याचे समाधान घेऊन लोक घरी जातात. आठवड्याने पुन्हा नवे रुग्ण निघतात व पुन्हा तीच तक्रार सुरू होते.

लोकांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण ही अपेक्षा अनुभवातूनच आलेली आहे. १९५३ साली हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, त्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे. फवारणीची माणसे घरोघर जाऊन भिंतींवर डीडीटी मारू लागली आणि बारा-तेरा वर्षांत हा आकडा एक लाखाच्या आसपास आला. पुढे १९७६ पर्यंत तो पुन्हा ६४ लाखांवर गेला, ही गोष्ट वेगळी. परंतु डास म्हणजे फवारणी, हे समीकरण घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात पक्के बसले, ते त्या दिवसांत.

डेंग्यूच्या डासाला मात्र हे समीकरण लागू पडत नाही. हा एडिस जातीचा डास. रंगाने काळा, पायांवर पांढरे पट्टे, चावतो तो दिवसा. विशेषतः सूर्योदयानंतरच्या दोन तासांत व दिवस मावळण्यापूर्वी. तो भिंतीवर फारसा बसत नाही. खुंटीवरचे कपडे, खाटेखालचा अंधार, कपाटामागची सांद ही त्याची विश्रांतीची ठिकाणे. गटाराच्या घाण पाण्यात जो वाढतो तो बहुतांशी क्युलेक्स. तो रात्री चावून झोप मोडतो आणि हत्तीरोग पसरवितो, पण डेंग्यू पसरवीत नाही. एडिसची मादी तुलनेने स्वच्छ व साठविलेले पाणी शोधते आणि पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी चिकटविते. म्हणजे ज्याला आपण पिण्याचे चांगले पाणी म्हणतो, तेच तिला हवे असते. गटारे अवश्य स्वच्छ करावीत; परंतु गटार उपसले म्हणून डेंग्यू गेला, असे कोणी समजू नये.

धुराबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. धुराने मरतो तो त्या क्षणी हवेत उडणारा डास. रांजणातील अळीला व कोषाला तो धूर लागत नाही. एक-दोन दिवसांत त्या कोषांतून नवे डास बाहेर येतात आणि गाव जेथे होते तेथेच राहते. त्यातून धुराचा वास नको म्हणून घरोघर दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात, म्हणजे डास ज्या घरात दडलेला असतो त्या घरातच धूर जात नाही. रुग्ण निघालेल्या घरात व त्याच्या आसपासच्या घरांत आरोग्य खात्याने आतून फवारणी केली, तर रोगाचे विष अंगात असलेले डास मरतात व तिचा उपयोग होतो. तेवढ्यासाठी ती करून घ्यावी. कापसाच्या शेतात पतंग उडू लागल्यावर बांधावर धूर करणारा शेतकरी शहाणा ठरत नाही, तो अळीकडे लक्ष देतो. तोच विचार येथे लागू करावयाचा आहे.

पाणी ओतून द्या, हे सांगणे सोपे आहे

आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी करा, म्हणजेच ‘कोरडा दिवस’ पाळा, ही आरोग्य खात्याची सूचना आता सर्वांना पाठ आहे. तिचे कारण असे की अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. दर सात दिवसांनी ही साखळी तोडली, तर एकही नवा डास त्या घरातून उडत नाही.

सूचना बरोबर आहे, तरी ती पाळली का जात नाही, याचा विचार करताना आपण नळाच्या वेळापत्रकाकडे पाहिले पाहिजे. ज्या गावात चार दिवसांनी पाणी येते किंवा टँकरच्या मागे हंडे घेऊन धावावे लागते, तेथील बाईला ‘पिंप ओतून दे’ असे सांगणाऱ्या कार्यकर्त्याला पुढच्या खेपेस कोणी दारात उभे करणार नाही. तिने ते पाणी डोक्यावरून आणलेले असते. तिला अडाणी ठरविण्याऐवजी पाणी न दवडता काम कसे होईल, हे दाखवून देणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

ते असे करता येते. पिंपातील पाणी दुहेरी सुती फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावे. अळ्या व कोष फडक्यात राहतात. ते फडके कोरड्या मातीवर उन्हात झटकावे. नंतर रिकाम्या पिंपाची आतील बाजू, विशेषतः पाण्याची रेघ जेथे उमटते तो भाग, नारळाच्या काथ्याने किंवा ताराच्या घासणीने जोर लावून घासावा. डोळ्यांना न दिसणारी अंडी तेथेच चिकटलेली असतात आणि नुसते खळबळून ती निघत नाहीत. घासलेले तांब्याभर पाणी अंगणात टाकून गाळलेले पाणी पुन्हा पिंपात भरावे. पाण्याचा थेंबही वाया जात नाही, म्हटले तरी चालेल.

पाणी गाळण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. पायऱ्यांच्या विहिरींचे पाणी पिऊन नारू होत असे, त्या काळी फडक्याने पाणी गाळून घेण्याचा प्रचार गावोगाव झाला होता आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. ज्या घरांतील आजीला ते दिवस आठवतात, तेथे ही गोष्ट समजावून देण्यास वेळ लागत नाही.

झाकणाविषयी दोन शब्द. अर्धवट ठेवलेले झाकण हे उघड्या भांड्यापेक्षा बरे नव्हे. आतला अंधार व ओलावा मादीला उलट आवडतो. भांड्याच्या तोंडावर कापड ताणून दोरीने किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधावे. कापड सैल होऊन पाण्याला टेकता कामा नये. ज्या हौदास झाकण बसविणे शक्य नाही व जो उपसताही येत नाही, त्यात गप्पी मासे सोडावेत. एक मासा दिवसाकाठी ऐंशी ते शंभर अळ्या खातो. मासे प्राथमिक आरोग्य केंद्राकडून मिळू शकतात. मात्र ते ओढ्यानाल्यांत, नदीत सोडू नयेत. तेथे ते स्थानिक माशांच्या मुळावर येतात. टेमीफॉस हे अळीनाशक पाण्यात टाकावयाचे असल्यास ते आरोग्य सेवकाच्याच हातून, ठरलेल्या मात्रेत टाकून घ्यावे. शेतीच्या फवारणीचे औषध पाण्याच्या हौदात टाकण्याचा विचारही कोणी मनात आणू नये.

घरामागे आणि शेतावर

घरातील पिंपांकडे बायकांचे लक्ष जाते. घरामागे पडलेल्या वस्तू कोणाच्याच नसतात. ट्रॅक्टरचे जुने टायर हे एडिसचे आवडते घर होय. त्यात पावसाचे पाणी साचते, ते काळे असते, उन्हाने लवकर आटत नाही आणि कितीही हलविले तरी त्यातील सगळे पाणी बाहेर पडत नाही. मुरघासाच्या ढिगावर व कांद्याच्या चाळीवरील ताडपत्रीवर वजन म्हणून टायरे ठेवण्याची पद्धत आता सर्वत्र आहे. ती सोडून देण्याचे कारण नाही. टायराचे दोन भाग करून पालथे ठेवावेत, अथवा त्याला खालच्या बाजूने तीन-चार भोके पाडावीत, किंवा मातीच्या पिशव्या वापराव्यात. ताडपत्रीच्या खोलगट घडीत साचलेले पाणी दर आठ दिवसांनी झटकावे.

याखेरीज औषध कालविण्याची पिंपे, गुरांची डोण, कोंबड्यांची पाण्याची ताटली, बांधकामाचे पिंप, फुटका माठ, तुळशीवृंदावनाखालची ताटली, शीतकपाटाच्या मागील पाण्याची तबकडी ही ठिकाणे पाहावीत. डोणीतील पाणी गुरे रोज पितात म्हणून ते सुरक्षित आहे, असे समजू नये. डोण आठवड्यास एकदा घासली पाहिजे. कोकणात नारळाच्या करवंट्या व सुपारीच्या गळून पडलेल्या पोया, आणि जेथे रबराची लागवड आहे तेथे चीक गोळा करण्याच्या वाट्या, यांत एडिसचीच दुसरी जात वाढते. ती बागेत काम करणाऱ्यांना चावते. चिकाचा हंगाम नसताना वाट्या पालथ्या ठेवाव्यात.

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानामुळे २००० सालापासून आपल्या गावांचे रस्ते झाडण्याची चांगली सवय लागली. परंतु हा डास रस्त्यावर राहत नाही. चकचकीत रस्त्याचे, बक्षीस मिळविलेले गावही त्याला पुरेसे पाणी देऊ शकते.

बाटलीतील प्रात्यक्षिक

पाण्यातील वळवळणारे किडे म्हणजेच डासाची पिले, हे सांगून अनेकांना पटत नाही. ‘हे तर पाण्याचे किडे, पाणी जिवंत असल्याची खूण’, असे सांगणारेही भेटतात. येथे वादविवाद न करता प्रात्यक्षिक करावे. काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत त्याच घरच्या पिंपातील पाणी अळ्यांसह घ्यावे, तोंडावर मलमलीचे कापड घट्ट बांधावे व बाटली शाळेत किंवा ग्रामपंचायतीत सर्वांना दिसेल अशी ठेवावी. दोन-चार दिवसांत अळ्यांचे स्वल्पविरामाच्या आकाराचे कोष होतात आणि कोषांतून पट्टेदार पायांचे डास निघून कापडाखाली बसतात. मुले ते पाहतात व घरी जाऊन सांगतात. नंतर कापड न सोडता बाटली कडक उन्हात ठेवून डास मारून टाकावेत. नव्या बियाण्याचा प्लॉट पाहिल्यावर शेतकऱ्याला जे पटते, ते दहा व्याख्यानांनी पटत नाही, हा कृषी विस्ताराचा जुना अनुभव येथेही येतो.

भीती कशाची बाळगावी

साथीच्या काळात गावात एक शब्द सर्वांच्या तोंडी होतो, तो म्हणजे प्लेटलेट. रक्तातील या पेशींचा आकडा खाली आला की घरात रडारड सुरू होते, गाडी ठरविली जाते, दागिना गहाण पडतो. डेंग्यूत हा आकडा बहुतेकांचा कमी होतो आणि रोग ओसरताच आपोआप वाढतो. रक्तस्राव होत नसेल तर आकडा दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट देण्याची सहसा आवश्यकता नसते, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. पण नुसत्या आकड्याला भिऊन घर विकावयास निघू नये.

दिल्लीत २०१५ साली पुन्हा मोठी साथ आली व १५,८६७ रुग्णांची नोंद झाली. तेव्हा पपईच्या पानांना व शेळीच्या दुधाला एवढी मागणी आली की दुधाचे भाव अवाच्या सवा चढले. तपासणीसाठी खाजगी प्रयोगशाळांनी ६०० रुपयांहून अधिक घेऊ नयेत, असा आदेश तेथील सरकारला काढावा लागला. तशीच पाने आपल्याकडेही शेजारच्या बागेतून तोडून आणली जातात. पपईच्या पानांनी प्लेटलेट काहीशा वाढल्याचे काही छोट्या प्रयोगांत दिसले आहे. परंतु त्याने रोगाचे गंभीर रूप टळते किंवा जीव वाचतो, असे सिद्ध झालेले नाही. ज्याला आधीच उलट्या होत आहेत त्याला हा कडू रस पाजल्याने उलट्या वाढतात. शेळीचे दूध उकळून पिण्यास हरकत नाही, पण औषध म्हणून ते कच्चे पाजले, तर त्यातून माल्टा ज्वरासारखा दुसरा रोग जडण्याचा धोका आहे.

खरी भीती बाळगावयाची ती निराळ्याच गोष्टीची. डेंग्यूत एकाएकी मोठा ताप येतो, डोळ्यांच्या मागे दुखते, हाडे मोडल्यासारखी वाटतात. तीन ते सात दिवसांत ताप उतरतो. घरच्यांना हायसे वाटते. काढणी खोळंबलेली असते, मजूर मिळत नाहीत, म्हणून माणूस विळा घेऊन शेतात जातो. आणि नेमके ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस हेच या रोगात सर्वांत धोक्याचे असतात. या वेळी रक्तवाहिन्यांतील पाण्याचा अंश बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होते, नाडी क्षीण होते व माणूस काही तासांत कोसळू शकतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौचास, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, अतिशय ग्लानी किंवा तगमग, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रात्र असो वा पाऊस, रुग्णास त्वरित रुग्णालयात हलवावे. लहान मुले, गर्भवती स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांच्या बाबतीत थांबून पाहणे नको. ताप उतरल्यावर निदान दोन दिवस कोणी शेतावर जाऊ नये. त्याचे काम भावकीने किंवा शेजाऱ्याने इर्जिक घालून उरकून द्यावे.

औषधांपैकी तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव वाढतो. अंगदुखीसाठी दुकानातून मागून आणलेल्या गोळीत बहुधा यांपैकीच काही असते. इंजेक्शन व सलाईन घेतल्याशिवाय बरे वाटत नाही, ही आपल्याकडील जुनी खोड आहे. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्याला क्षारसंजीवनी, ताक, पेज, शहाळे पुरेसे होते. गरज नसताना भराभर चढविलेले सलाईन छातीत पाणी धरू शकते.

आणखी एक चुकीची प्रतिक्रिया म्हणजे लपवाछपवी. रोग स्पर्शाने लागतो या समजुतीने रुग्णाच्या घरी येणेजाणे बंद होते, मग घरची माणसे तापाची वाच्यताच करीत नाहीत. वास्तविक डेंग्यू शिवल्याने, ताटात जेवल्याने किंवा श्वासाने पसरत नाही. तो डासामार्फतच जातो. रुग्णाच्या रक्तात पहिल्या पाच-सहा दिवसांत विषाणू असतात. त्या काळात चावलेला डास पुढे आठ-बारा दिवसांनी रोग पसरविण्यास समर्थ होतो व मरेपर्यंत तो पसरवितो. म्हणून रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवावे. हे एक काम केले तरी आळीतील पुढचे रुग्ण कमी होतात.

तापाची खबर आशा ताईंना त्याच दिवशी द्यावी. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ व त्यानंतर आयजीएम ही एलायझा पद्धतीची तपासणी विश्वसनीय असते आणि नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य होते. आयजीएम तपासणीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था तयार करते. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झालेली ती हीच संस्था. झटपट तपासणीच्या पट्टीवर विसंबून निदान पक्के समजू नये. डेंग्यूचे चार प्रकार आहेत व एकदा होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू अधिक गंभीर होण्याचा संभव असतो. क्यूबात १९७७ साली एका प्रकाराची साथ येऊन गेली. १९८१ साली दुसऱ्या प्रकाराची आली, तेव्हा ३,४४,२०३ माणसे आजारी पडून १५८ मेली, त्यांत १०१ मुले होती. म्हणून ‘मला एकदा होऊन गेला, आता भय नाही’, असे कोणी म्हणू नये.

आठवड्याची फेरी

व्हिएतनामच्या उत्तर भागातील फानबोई या खेड्यात १९९३ सालापासून एक प्रयोग झाला. तेथील लोकांनी विहिरींत व टाक्यांत अळ्या खाणारे सूक्ष्म जलचर सोडले आणि टाकाऊ भांडी गोळा केली. काही काळात एडिस इजिप्ती डास त्या गावातून नाहीसा झाला व पुढे अनेक गावांनी तीच रीत उचलली. ते जलचर सायक्लॉप्सच्या जातकुळीतील असल्याने आपल्याकडे ते आणून सोडा, असे येथे सुचवावयाचे नाही. नारूचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. घेण्यासारखी गोष्ट आहे ती तेथील घरोघरच्या फेरीची.

आपल्या गावात ती अशी बसविता येईल. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने वार ठरवावा. बाजाराचा वार टाळावा, कारण त्या दिवशी घरांना कुलूप असते. प्रत्येक आळीसाठी दोघे, त्यांत एक स्त्री असणे बरे, म्हणजे न्हाणीघर व माजघर पाहण्यास अडचण पडत नाही. विजेरीने प्रत्येक भांडे पाहावे. किती घरे पाहिली, किती घरांत अळ्या सापडल्या, एवढे दोनच आकडे फळ्यावर लिहावेत. शंभर घरांपैकी वीस घरांत अळ्या असतील व चौथ्या आठवड्यात त्या पाच घरांवर आल्या, तर गावाला ते यश डोळ्यांनी दिसते. घरमालकाचे नाव मात्र फळ्यावर लिहू नये. तसे केल्यास पुढच्या फेरीला दार उघडत नाही. कुलूपबंद घरांची व शाळेच्या टाकीची यादी वेगळी ठेवून त्यांवर पुन्हा जावे. सरपंच, शिक्षक व कार्यकर्ता यांच्या स्वतःच्या घरांपासून सुरुवात केल्यास कुरकुर कमी होते.

थंडी पडून रुग्ण कमी झाले की फेरी बंद पडते. एडिसची अंडी मात्र कोरड्या भांड्याच्या भिंतीवर कित्येक महिने जिवंत राहतात व पहिले पाणी लागताच फुटतात. म्हणून माळ्यावर टाकलेली पिंपे, कोरडे हौद व डोणी मृग लागण्यापूर्वी, मे महिन्यातच, एकदा घासून उन्हात पालथ्या घालाव्यात आणि जुलैपासून, म्हणजे सरकारी डेंग्यू प्रतिरोध महिन्यापासून, आठवड्याची फेरी पुन्हा चालू करावी.